वेळेचा रकाना

टपालकाका दर मंगळवारी एकशे बारा भेगा मोजत असत. प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना आम्ही एकेक पितळी खिळा ठोकून ठेवला होता. काका व्हर्नियर कॅलिपरचे जबडे त्या खिळ्यांना टेकवायचे, श्वास रोखून आकडा वाचायचे आणि फॉर्मवर लिहायचे. मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी याच पायऱ्यांच्या आळीत पत्रं वाटली होती. भूकंपात घरांवरचे क्रमांक पडले, काही घरांची दारं पडली, पण कुठलं घर कुठलं, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. म्हणून निवृत्तीतून त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी एकच अट घातली: खांद्याला लावायची जुनी टपालाची पिशवी वापरू द्यायची. आता तिच्यात कॅलिपर, फॉर्म आणि पाण्याची बाटली असे.

पायऱ्यांची आळी म्हणजे शहराचा सगळ्यात जुना भाग. खाली नदीच्या दरवाज्यापासून वर पाण्याच्या टाकीपर्यंत तीनशे चाळीस पायऱ्या, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना खांद्याला खांदा लावून उभी असलेली शहात्तर दगडी घरं. पहिली अडतीस खालची आळी, पुढची अडतीस वरची आळी. भूकंपात आळीतली दोनच घरं पूर्ण कोसळली; ती या शहात्तरांत धरलेली नाहीत. बाकीची तडकली, पण उभी राहिली. उभ्या राहिलेल्यांपैकी कुठली भिंत आता स्थिर आहे आणि कुठली अजून हलते आहे, हे कळायला मोजण्याशिवाय उपाय नव्हता. जी भेग रुंदावत नाही तिची भिंत दुरुस्त करायची, जी रुंदावते तिची उतरवायची. शहर पुन्हा उभं करण्याच्या पंचवीस वर्षांच्या आराखड्यात या आळीचं काय होणार, ते काकांच्या मंगळवारांवर ठरायचं होतं.

त्या आकड्यांचे आलेख काढायचं काम माझ्याकडे होतं. मी भौतिकशास्त्र शिकलेली. भूकंपाआधी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते. मोजणीचा फॉर्मही मीच तयार केला होता. तारीख, घर, खिळ्यांचा क्रमांक, माप, सही. पाच रकाने. एका पानात एक फेरी अगदी नेटकी बसायची, आणि त्याचं मला मनातून कौतुक होतं.

आमचं कार्यालय शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतं. नकाशे पसरायला तिथली लांब टेबलं फार सोयीची. मात्र दर तीन फुटांवर एक वाकड्या मानेचा नळ होता, त्यामुळे प्रत्येक नकाशाला तीन-चार भोकं पाडावी लागली होती. नदी एका नळाखालून निघून दुसऱ्या नळाखाली जायची. या खोलीच्या टोकाला, फळ्याला पाठ करून, बाई बसत.

बाई म्हणजे आराखड्याच्या प्रमुख. गावात त्यांना ‘पंचवीसबाई’ म्हणत. कोणी कधीही विचारलं की त्या तेच उत्तर देत.

“बाई, आमच्या चौकात पुन्हा झाडं कधी?”

“सावली हवी असेल तर पंचवीस वर्षं. नुसती रोपं हवी असतील तर सोमवारी या.”

पहिल्या वर्षी त्यांनी घरांना हात लावला नाही. आधी गटारं आणि डोंगरउतारावरच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या. लोक खवळले. ‘आमची डोकी उघड्यावर आणि ही बाई गटारं उपसतेय’ असा फलकही कोणी तरी शाळेच्या फाटकाला लावला. बाईंनी तो काढू दिला नाही. म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे. पुढे एकदा सलग तीन दिवस पाऊस झाला. शेजारच्या टेकडीवरची निम्मी वस्ती चिखलासकट खाली आली. आमच्या डोंगरावरून पाणी शहाण्यासारखं ठरल्या वाटेनं नदीला गेलं, एक दगडही घरंगळला नाही. चौथ्या दिवशी सकाळी फाटकावरचा फलक आपोआप गायब झाला होता.

कुठल्याही रस्त्याचा नकाशा समोर आला की त्या तीन प्रश्न विचारत. पाणी कुठून जाईल? म्हातारी माणसं कुठे टेकतील? आणि वीस वर्षांनी हे मोडलं तर दुरुस्त कोण करेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसलं की नकाशा परत. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षांत जे शिकले, ते त्याआधीच्या पंधरा वर्षांत शिकले नव्हते. पण तोंडावर कधी सांगितलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

आराखड्याचा पहिला खंड शनिवारच्या जाहीर सभेत, म्हणजे शाळेच्या मैदानात सगळ्या गावासमोर, ठेवायचा होता. बुधवारी सकाळी छापील पानांचे सात गठ्ठे घेऊन मी पायऱ्या चढले. ते बांधून घ्यायचे होते, आणि गावात पुस्तकबांधणीचं दाबयंत्र चालू असलेली एकच व्यक्ती उरली होती: आक्का.

आक्का म्हणजे टपालकाकांची मोठी बहीण. वय एकाहत्तर. वरच्या आळीतलं एकसष्ट नंबरचं घर त्यांचं. खाली बांधणीचा कारखाना, वर राहायचं. भूकंपानंतर त्यांना टाकीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं तेव्हा आठ माणसांनी मिळून ते लोखंडी दाबयंत्र वर नेलं होतं. ते निघाल्याखेरीज मी इथून हलायची नाही, म्हणाल्या, आणि खरोखर यंत्राच्या मागून चालत गेल्या. शेडचं दार त्यांनी असं पाडून घेतलं होतं की कामाच्या स्टुलावर बसलं की बरोबर त्यांच्या घराची खिडकी दिसावी.

“ये गं बाई, ये. दमलीस?” आक्का म्हणाल्या. “तुमच्या पंचवीस वर्षांत या पायऱ्या कमी होणार आहेत का तेवढं सांग.”

“नाही आक्का. मध्ये बाकं होणार आहेत.”

“बाकं. म्हणजे वर पोचायला पंचवीस वर्षं.”

त्यांनी पहिला गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला आणि पानं क्रमानं लागली आहेत का ते पाहू लागल्या. मी निघायला हवं होतं. पण पान एकशे त्रेचाळीसवर काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि पाय निघेना. बांधणारी माणसं पानांचे आकडे पाहतात, मजकूर वाचत नाहीत, असा माझा भाबडा समज होता.

आक्कांचा अंगठा एकशे त्रेचाळीसवर थांबला. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

पानावर यादी होती. घर क्रमांक एकोणचाळीस ते शहात्तर, सबंध वरची आळी: भिंती हलत्या, दुरुस्ती शक्य नाही, उतरवाव्यात. मोकळ्या जागेत झाडं आणि बसायच्या पायऱ्या.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग उलटून एकशे बेचाळीस वाचलं. त्यात खालच्या आळीची हकिगत होती. मला वाटलं, आता रडतील किंवा गठ्ठा फेकतील. त्यांनी यांतलं काहीच केलं नाही.

“खालच्या आळीच्या भेगा मिटत चालल्यात म्हणे?”

“हो. थोड्या थोड्या. भिंती बसत असाव्यात, असा अंदाज आहे.”

“आणि आमच्या उघडत चालल्यात.”

“हो.”

“अगं, मी सत्तावन्न वर्षं पुस्तकं बांधतेय. फाटलेलं पान आपणहून सांधलं गेलेलं एकदाही पाहिलं नाही. तुमच्या खालच्या आळीच्या भिंती मोठ्या गुणाच्या निघाल्या. भिंतीही माणसं बघून वागायला लागल्या वाटतं!”

टोमणा होता. त्यांनी तो मला बोचावा म्हणूनच मारला होता, आणि तो बोचला. पण त्यांना वाटलं त्या जागी नाही. मी ‘शुक्रवारी येते’ एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले. दोनशेव्या पायरीवर मी थांबले. खचलेल्या भिंतीची भेग रुंदावते किंवा आहे तशी राहते. ती आपणहून का मिटावी? वाईट आकड्यांची मी चार वेळा फेरतपासणी केली होती. चांगले आकडे आले तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि मी पुढे गेले होते.

कार्यालयात येऊन मी सगळे आलेख बाजूला ठेवले आणि नवीन कागद घेतला. आडव्या रेषेवर तारखा न लिहिता घरांचे क्रमांक लिहिले, एक ते शहात्तर. उभ्या रेषेवर गेल्या तीन महिन्यांत भेग किती बदलली ते. ठिपके मांडायला वीस मिनिटं लागली. ते एका तिरक्या रेषेत आले. आळीच्या तळाशी भेगा मिटलेल्या, जरा वर कमी मिटलेल्या, अडतिसाव्या घरापाशी बदल जवळजवळ शून्य, आणि तिथून वर हळूहळू उघडत गेलेल्या.

जमीन इतकी शिस्तीनं हलत नाही. इतक्या शिस्तीनं फक्त माणूस चालतो.

टपालकाका कोपऱ्यातल्या टेबलाशी कॅलिपरला तेल देत होते.

“काका, तुम्ही मंगळवारची फेरी कशी करता?”

“कशी म्हणजे? पायांनी.”

“तसं नाही. सुरुवात कुठून करता?”

“आता वरून. सकाळी सातला टाकीपाशी पहिलं घर, शहात्तर. दोनच्या सुमाराला नदीच्या दरवाज्याशी उतरतो.”

“आता म्हणजे? आधी?”

“आधी खालून चढायचो. सातला पहिलं घर, दोनला शहात्तर.” त्यांनी कॅलिपर पुसून खोक्यात ठेवला. “आक्काला ताप आला होता बघ, शरद सुरू होता. तेव्हा मी तिच्या शेडमध्ये राहायला गेलो. ती काही घर नजरेआड करून खाली यायची नाही, मग मीच वर गेलो. वर झोपतोय तर फेरी वरूनच सुरू करावी. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “का गं? घरं तीच, खिळे तेच. काही चुकलं का?”

मी त्यांना खुर्ची ओढून दिली आणि कागद दाखवला. दगडाची भिंत उन्हानं तापली की फुगते, आणि फुगली की भेग थोडी मिटते. पहाटेच्या गारव्यात आक्रसते, भेग उघडते. ऋतूंचा फरक आम्ही आकड्यांतून वजा करत होतो, शाळेच्या गच्चीवरच्या तापमापकावरून. पण दिवसाच्या आतला फरक? आधी वरची आळी दुपारी दोनला मोजली जायची, तापलेली. नंतर सकाळी सातला, गार. खालच्या आळीचं बरोबर उलटं. मधल्या घरांशी काका दोन्ही वेळा साधारण साडेदहालाच पोचत, म्हणून तिथे शून्य. भिंती हलल्या नव्हत्या, फेरी उलटली होती. आणि फॉर्मवर वेळ लिहायला जागाच नव्हती, कारण मी ती ठेवली नव्हती.

काकांनी तिरक्या रेषेवरून बोट फिरवलं. “म्हणजे मी आक्कापाशी राहायला गेलो,” ते सावकाश म्हणाले, “आणि त्यापायी तिच्या घरावर फुली पडली?”

“तुमच्यामुळे नाही काका. फॉर्म माझा आहे.”

“छत्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी.”

“आकडाही एक चुकला नाही तुमचा. इतके नेमके नसते तर ही रेषा दिसलीच नसती. सगळे ठिपके विखुरले असते.”

हे मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. तेच खरं होतं. त्यांनी मान हलवली, पण पिशवी खांद्याला न लावता हातात धरून गेले.

मी बाईंकडे गेले. खंड छापून झाला होता, एकशे त्रेचाळीसाव्या पानाखाली त्यांची सही होती, सभेला तीन दिवस होते. मी कागद समोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

“चूक कोणाची?” शेवटी त्यांनी विचारलं.

“माझी. वेळेचा रकाना नाही.”

“बरं.” त्यांनी कोरा फॉर्म ओढला, पट्टी घेतली आणि तारखेच्या शेजारी स्वतः पेन्सिलनं उभी रेघ मारली. “झाला रकाना. आता सांग, खरं काय ते कळायला किती वेळ लागेल?”

“एक पूर्ण दिवस. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, वरच्या आळीतली प्रत्येक भेग दर दोन तासांनी. म्हणजे प्रत्येक भिंत दिवसात किती हलते ते समजेल, आणि जुन्या आकड्यांतून ते काढून टाकता येईल. खालच्या आळीत काही पाडायचं नाही, तिची मोजणी नंतर केली तरी चालेल. पण एकट्या काकांना जमणार नाही.”

“वरच्या आळीत राहणारी माणसं शेडमध्ये बसूनच आहेत की. आणि शेजारच्या वर्गात भौतिकशास्त्राची कपाटं आहेत. दहा तरी कॅलिपर असतील.”

“लोकांच्या हाती मोजणी द्यायची? आपली घरं वाचावीत म्हणून कोणी आकडा हलका लिहिला तर?”

“सकाळी काय लिहायचं म्हणजे घर वाचतं, आणि दुपारी काय, हे तुला कळायला तीन महिने लागले,” बाई म्हणाल्या. “त्यांना एका दिवसात कळलं तर नोकरी देऊ.”

त्या हसल्या नाहीत, पण मला हसू आलं, आणि त्या दिवसातला पहिला मोकळा श्वास मी तेव्हा घेतला. चुकीबद्दल त्यांनी त्यानंतर मला एका अक्षरानं बोल लावला नाही. त्या दिवशीही नाही, आजतागायतही नाही.

गुरुवारी सूर्य उगवायच्या सुमारास वरच्या आळीत वीसेक माणसं जमली. काकांनी टाकीच्या कठड्यावर उभं राहून त्यांना कॅलिपर धरायला शिकवलं. “दाबायचं नाही. पत्र दाराखालून सरकवतो तसं अलगद. आणि आकडा मनात गुणगुणत शेजारणीशी बोलत बसायचं नाही, आधी लिहायचं. आधी वेळ, मग माप.” रात्री त्यांना झोप लागली नसावी, पण आवाज खणखणीत होता.

आक्कांनी एकसष्टच्या चारही भेगा स्वतःकडे घेतल्या. भिंतीपाशी स्टूल मांडून बसल्या. बांधणीच्या कामानं त्यांचा हात इतका स्थिर होता की तिसऱ्या फेरीनंतर मी त्यांचे आकडे तपासणं सोडून दिलं.

“डाकू!” त्या भावाला हाक मारत, लहानपणापासून त्या त्यांना डाकूच म्हणत. “माझी भिंत सकाळी तोंड उघडते आणि दुपारी मिटते. तुझं रात्री उघडतं ते उजाडेपर्यंत मिटत नाही.”

“घोरत नाही मी.”

“पत्र्याला विचार. तो थरथरतो.”

भाऊ-बहीण त्या दिवशी एवढंच बोलले. पण दुपारी काकांची भाकरी आक्कांनी नेहमीप्रमाणे ओट्यावर न ठेवता त्यांच्या हातात आणून दिली, आणि ते खाईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

शुक्रवारी दुपारपर्यंत माझं गणित झालं. मी ते दोन वेगवेगळ्या पद्धतींनी केलं आणि चांगल्या आकड्यांपासून तपासायला सुरुवात केली. अडतीसपैकी एकतीस घरांच्या भिंती स्थिर होत्या, अगदी स्थिर. चार घरं खरोखर हलत होती. वळणावरची, जिथे खालचा बांध फुटला आहे तिथली. उरली तीन. त्या तिन्हींचं काही सांगता येईना, आणि एकसष्ट त्यांतलंच होतं.

एकसष्टाचं कारण साधं होतं. आक्कांच्या समोरचं घर भूकंपात पूर्ण पडलं होतं. अरुंद आळीत त्यांच्या भिंतीवर जे ऊन शेकडो वर्षं कधी पडलं नव्हतं, ते आता दिवसभर पडत होतं. तिची भेग एका दिवसात जवळपास पाऊण मिलिमीटर उघडमीट करत होती. त्या एवढ्या हालचालीखाली खरोखरची एखाद-दशांशाची वाढ लपलेली असेल किंवा नसेल. समजायला वेळ लिहून केलेल्या मोजण्या लागणार होत्या, चारही ऋतूंच्या.

मी वर गेले. एकतीस घरांची बातमी माझ्याआधी पोचली होती. कोण कोणाला मिठी मारत होतं कळत नव्हतं. आक्का शेडच्या दारात उभ्या होत्या. काका त्यांच्या मागे.

“माझं?” आक्कांनी विचारलं.

“माहीत नाही, आक्का.”

“माहीत नाही म्हणजे नाही म्हणायचं, की खरंच माहीत नाही?”

“खरंच माहीत नाही. हलत असेलही, नसेलही. एक वर्ष मोजल्याशिवाय मी सांगू शकत नाही.”

हे सांगणं मला फार जड गेलं. ज्यांच्या एका वाक्यानं एकतीस घरं वाचली, त्यांच्याच घराला मी ‘हो’ म्हणू शकत नव्हते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि ती माझ्याकडून काही वदवून घेण्याआधीच त्यांनी मान वळवली. त्यांच्याबद्दल मला कायम आदर होता. त्या क्षणापासून तो वेगळाच झाला.

आक्कांनी हात पुढे केला. “पानं बदलून आणलीस का?” एवढंच विचारलं. मी नवीन एकशे बेचाळीस आणि त्रेचाळीस दिली. त्या आत गेल्या आणि यंत्राचा दांडा फिरवल्याचा आवाज आला.

शनिवारी मैदान भरलं होतं. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, की या आठवड्यात आम्ही तुमची एकतीस चांगली घरं पाडायला निघालो होतो. मग तिरकी रेषा फळ्यावर काढून, चूक कशी झाली ते सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. ‘आमच्या फॉर्ममध्ये’ म्हणाल्या, आणि ‘खाली सही माझी, म्हणजे प्रमुखाची, होती’ म्हणाल्या. मग मागून वरच्या आळीतल्या लोहारानं आवाज दिला.

“बाई, ते सगळं ठीक. पण ज्या आक्कांनी पकडलं त्यांचंच घर लटकत का ठेवता? पहिल्या दुरुस्तीच्या यादीत घाला! आम्ही सगळे सही देतो!”

‘घाला, घाला’ असा गलका झाला. बाईंनी हात वर केला, पण त्यांच्याआधी आक्का उठल्या.

“गप रे,” त्या लोहाराला म्हणाल्या. “सही कसली देतोस? तुझ्या सहीनं भिंत उभी राहणार आहे? ती पोरगी माहीत नाही म्हणाली. तिला हो म्हणणं सोपं होतं, माझ्या हातचा चहा मिळाला असता. तरी माहीत नाही म्हणाली. मग माहीत नाही. मी थांबेन वर्षभर.” मग बाईंकडे वळल्या. “पण तुम्हाला एक सांगते. पंचवीस वर्षांचं पुस्तक, आणि तुम्ही ते आजच घट्ट शिवून मागितलंत. उद्या आणखी काही कळलं की काय, पुन्हा पान फाडणार?”

त्यांनी काखेतला खंड टेबलावर ठेवला आणि उघडला. पानांच्या मध्ये मध्ये त्यांनी बोटभर रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या शिवल्या होत्या. पुढे येणारं पान त्या पट्टीला चिकटवायचं. पुस्तक फुगत नाही, शिवण उसवत नाही. पाठीला तेवढी जागा त्यांनी आधीच सोडली होती.

“किती पट्ट्या आहेत?” बाईंनी विचारलं.

“शंभर. पुरायच्या नाहीत.”

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. मग त्यांनी आपला तिसरा प्रश्न विचारला. “वीस वर्षांनी हे उसवलं तर दुरुस्त कोण करेल?”

“शिकवते की कोणाला तरी,” आक्का म्हणाल्या. “यंत्र आहे. फक्त ते पुन्हा खाली न्यायला आठ माणसं लागतील, तेवढं तुमच्या आराखड्यात घाला.”

बाईंनी तिथेच पेन काढलं आणि पहिल्या कोऱ्या पट्टीवर ते लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी मी सकाळीच वर गेले. नवा फॉर्म छापून आला होता, सहा रकान्यांचा. टपालकाका शहात्तर नंबरपाशी वाकले होते, पिशवी खांद्याला. आक्का एकसष्टच्या भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. समोरच्या रिकाम्या जागेतून उन्हाची पहिली पट्टी नुकतीच दगडावर येऊ लागली होती. त्यांनी कॅलिपर टेकवायच्या आधी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं आणि लिहिलं: सात वाजून चार मिनिटं.

“नुसतं सात लिहिलंत तरी चालेल, आक्का.”

“चालेल कसं?” त्यांनी वर न पाहता म्हटलं. “चार मिनिटांत ऊन एक बोट सरकलं.”